फक्त हो किंवा नाही

मुकुटबन,
८ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम वि. वि.

दिवाळीनंतर बाबांना माझ्याकडे आणायचं ठरलं होतं, ते मी विसरले नाही. पण बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि निम्म्या पोरांनी नेमलेली कादंबरी अजून उघडलेलीही नाही. सांगून सांगून घसा बसला, तेव्हा शेवटी बाबा मास्तर असताना वर्गात घ्यायचे तोच खेळ काढला. एकाच्या पाठीवर पात्राच्या नावाची चिठ्ठी लावायची, त्याने प्रश्न विचारत आपण कोण ते ओळखायचं, बाकीच्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. कपिलच्या पाठीवर थोरली सून होती. सगळं घर तीच ओढते, एवढं कळूनही त्याला नाव येईना. म्हणाला, “मॅडम, या बाईकडं पुस्तकात कोणी पाह्यतच नाही, मंग मले कशी आठवन?” सगळे हसले, मीही हसले.

लकव्याने बाबांकडेही आता तेवढेच दोन शब्द ठेवलेत. त्यांच्याशी खेळून बघ. मार्चअखेर मी त्यांना नक्की नेते.

भाऊजींना जय भीम. रागावली असलीस तरी माया असू दे.
तुझी,
ममता

लोहारा,
१५ जानेवारी

प्रिय ममता,
सप्रेम जय भीम.

फोन केला की बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहिते. मी फार थकले आहे गं. उठवणं, आंघोळ, भरवणं, त्यात तुझ्या भाऊजींची कारखान्यातली पाळी बदलत राहते. कंबर धरली आहे आणि चिडचिड तर विचारू नकोस.

तुझा खेळ मात्र जमला. बाबा त्यांच्या आवडत्या त्याच कादंबरीतलं पात्र मनात धरतात, मी ओळखते. आजारानंतर पहिल्यांदा ते हसले. जमीनदार झाला, मुनीम झाला, धाकटी जाऊ झाली. काल मी हरायला आले. बाई आहे? हो. थोरली सून? नाही. कादंबरीतली? नाही. म्हटलं, बाबा, ही तर चीटिंग झाली. मग या घरातली? हो. मी? हो.

मी दमलेली दिसते का, विचारलं. हो म्हणाले. ममताकडे जायचं का? लगेच हो. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तिथेच थांबायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, “बाबा, तुमाले मनापासून जायचं हाये, का माह्यासाठी?”

याला हो-नाही पुरत नाही. त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. मग मान वळवून त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. आता तूच सांग, मी काय समजू?

तब्येत सांभाळ. आठवण आहेच, तूही ठेव.
तुझी ताई,
मैत्रेयी

मुकुटबन,
२० जानेवारी

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

शनिवारी गाडी घेऊन येते. परीक्षेचं होईल कसंतरी. पुढची खोली रिकामी केली आहे. मी शाळेत असेन तेव्हा शेजारच्या धनीबाई बाबांजवळ बसतील. तू महिनाभर पाठ टेक.

तो प्रश्न मी त्यांना विचारणार नाही, तूही पुन्हा विचारू नकोस. ते कोणासाठी येतायत, हे आपल्या दोघींनाही कळतं, आणि कळूनही मी त्यांना घेऊन जाणार आहे.

एवढंच कर, निघताना त्यांच्यासमोर रडू नकोस. तू रडलीस, तर ते ‘नाही’ म्हणतील.

तुझीच,
ममता