टाचेवरची चकाकती कातडी

आटपाडी, १४ जानेवारी १९९७

ती. सौ. राणीआक्कास, धाकट्या अर्जुनाचा शि. सा. न. वि. वि.

रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे. साखरेमुळं आबांच्या टाचेची जखम आठ महिने भरत नव्हती. आता कुठं तिच्यावर पातळ, चकाकती कातडी धरली होती. मी ती रोज निरखायचो, कुणाला हात लावू देत नव्हतो. परवा सांगलीच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या नर्सनं पातं घेऊन ती सगळी खरवडली. रक्त आलं आणि माझं डोकं फिरलं. नको ते बोललो, ट्रे उधळला, आबांना एसटीत घालून घरी आणलं. निघताना डॉक्टर मागून ओरडले, अशानं पाय काढावा लागेल म्हणून.

आणि आक्का, ती नर्स म्हणजे मयूरी. जिचं नाव काढलं म्हणून मी एकाला बडवला आणि कॉलेज अर्धवट सोडलं, तीच. जेवण जात नाही.

माया राहू दे, राग तेवढा वजा कर.

तुझा,
अर्जुना

सातारा, १८ जानेवारी

चि. अर्जुनास राणीचे अ. उ. आ.

पत्र वाचून तुझे दाजी आधी हसले, मग ते घेऊन इथल्या डॉक्टरांकडं गेले. बाबा, ती कातडी नव्हेच. जंतू एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर करतात आणि त्यात निवांत राहतात. वरून लावलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. थर खरवडायचा, जखम धुवायची, लगेच औषध लावायचं. दोन दिवसांत पुन्हा धरला तर पुन्हा खरवडायचा. कंटाळलात की पाय गेला.

मेंढरांत वाढलास ना रं? खूर कुजलं तर आबा आधी सडकं तासतात, मगच मोरचूद लावतात. मेंढी दाबून धरायला तूच असायचास. ती अक्कल बापाच्या वेळी कुठं चरायला गेली होती?

पत्र मिळताच पहिल्या गाडीनं आबांना सांगलीला ने. मयूरीपुढं मान खाली घाल. मान पुन्हा वर करता येते, तुटलेला पाय जोडता येत नाही.

आशीर्वाद आहेतच, शहाणपण तेवढं तू बघ.

राणी

सांगली, ९ मे

ती. आक्कास शि. सा. न.

तीन महिने नुसतं 'बरं आहे' एवढंच कळवत होतो, आज सगळं लिहितो. मयूरी रागावलीसुद्धा नाही. ट्रे यापुढं तूच धरायचा, एवढंच म्हणाली. आठवड्यातून दोनदा यायचं, तिनं खरवडायचं, मी पाय धरायचा. पहिल्या दिवशी मलाच घेरी आली. आबा तिला म्हणाले, पोरी, भिऊ नगंस, मला तिथं कायबी कळत न्हाई, दुखतंय त्ये ह्या गड्याला. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मी धीर करून विचारलं, तर म्हणाली, आधी कॉलेज पुरं कर, मग बोल. जूनमध्ये नाव घालतोय.

आज डॉक्टरांनी पाहिलं. खरवडायला काही उरलंच नव्हतं. गुलाबी कातडी, या वेळी खरी. पाय वाचला म्हणाले. आबा सवयीनं पाय पुढं करून पट्टीची वाट बघत बसलेले. मयूरी म्हणाली, आवं आबा, घ्या की खाली, बांधायचं काय राहिलंय? तरी ते पाय हलवेनात. शेवटी मीच तो मांडीवर घेतला आणि सगळ्यांदेखत रडलो.

तुझी बोलणी खायला येतोय. स्टँडवर रिक्षा नको ठेवूस, घर जवळच आहे. आबा चालत येतील म्हणतात.

तुझा,
अर्जुना