एकशे अठरा पायऱ्यांचा गाइड

३ मार्च, सोमवार
कमिटीची मीटिंग. शहर बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पर्यटन खात्याने वस्तीचा उत्सव काढलाय. या महिन्यात आमची वस्ती. २३ तारीख, रविवार. गाणी, बेकरीवाल्याची भट्टी बघणं, ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन वगैरे. सगळं किरकोळ. मुख्य आकर्षण आमची पाण्याची जुनी टाकी. दगडी मनोरा, आत गोल जिना, एकशे अठरा पायऱ्या, वर कठडा. गाइड कोण, असा विषय निघताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (त्याआधी मी खाकरलो होतो.) पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं, त्यातली बावीस याच टाकीच्या तपासणीच्या रजिस्टरवर माझी सही. दुसरं नाव येणार तरी कुठून?

पर्यटन खात्याच्या मॅडम स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, टाकी पाडायची फाइल तयार आहे, त्यांनी ती महिनाअखेरपर्यंत थांबवून धरलीय. पाहुणे वर जाऊन सुखरूप खाली आले, तर टाकी कायमची पर्यटनस्थळांच्या यादीत. काही गडबड झाली, तर एप्रिलमध्ये पाडकाम. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा.

४ मार्च
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सातला टाकी चढायची. प्रॅक्टिस. गरज अशी नाही, पण प्रोफेशनल माणूस रिहर्सल करतो.

५ मार्च
वारा होता.

६ मार्च
वारा नव्हता, पण येईल असं वाटत होतं.

८ मार्च
उजवा गुडघा. जिन्याच्या कामात गुडघा हे मुख्य हत्यार, ते जपलं पाहिजे. दिवसभर जपलं.

९ मार्च
ड्रॉइंग मास्तर घरी आले. त्यांचं म्हणणं, गाइड म्हणून पंपवाल्याला घ्या. पंपवाला म्हणजे आमच्या खात्याचा जुना पंप ऑपरेटर, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, टाकीमागच्या खोलीत राहतो. माणूस सज्जन. पण तोंडातल्या तोंडात बोलतो, रबरी चपला घालतो आणि इतिहास शून्य. पाहुण्यांपुढे असं चालत नाही. मास्तरांना तसं नीट समजावलं. ते उठून गेले, म्हणजे पटलं असावं.

संध्याकाळी पंपवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, साहेब, मी बरोबर येऊ का? सत्तराव्या पायरीनंतर जिना अरुंद होतो. मी म्हणालो, हे तुम्ही मला सांगताय? घरी येऊन लिहून ठेवलं: सत्तरनंतर अरुंद.

१२ मार्च
भाषण पूर्ण. चौदा पानं. हिला वाचून दाखवलं. भाजी निवडत ऐकलं. मग विचारलं, "वरून आपलं घर दिसतं का हो?"
"दिसतं की."
"कुठल्या बाजूला?"
मी म्हणालो, ते वाऱ्यावर अवलंबून आहे. ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. बायकांना तांत्रिक बाजू कळत नाही.

१५ मार्च, सकाळी
किल्ली आणली. दार उघडलं. आत गेलो. पाहणीच्या दृष्टीने पुरेशा पायऱ्या चढलो. (नऊ.) जिना भिंतीला धरून गोल गोल वर जातो आणि मधे पोकळी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा, पलीकडे काहीच नाही. हे "काहीच नाही" रजिस्टरमध्ये कुठेच नमूद नव्हतं. खाली आलो. काल रात्रीचं जेवण जड झालं होतं.

बाकीचा जिना याच नमुन्याचा असणार. सगळाच बघायची आवश्यकता नाही.

१९ मार्च
पहिली बॅच फुल. वीस जण. मॅडमचा फोन: उपायुक्तही येऊन बघणार. दोन तांबे पाणी प्यालो. हवा कोरडी आहे.

जेवताना ही हळूच म्हणाली, पंपवाल्यांना पुढे जाऊ दे, तुम्ही खाली उभे राहून इतिहास सांगा, आवाजही छान घुमेल. मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, बावीस वर्षं टाकी सांभाळलेल्या माणसाला तू दरवान करतेस? तिने ताट परत पुढे सरकवलं. मी जेवलो, पण रागाने.

२२ मार्च, संध्याकाळी ६
तयारीची यादी. भाषण: हो. शिट्टी: हो. बिल्ला: हो, हिने शर्टला शिवून दिला. जिना: उद्या होईलच.

संकल्प: खाली बघायचं नाही. वरही बघायचं नाही. समोर बघायचं. समोर भिंत आहे.

२३ मार्च, सकाळी ७
प्रसन्न वाटतंय. तीनदा संडासला जाऊन आलो.

२३ मार्च, संध्याकाळी
जे झालं ते क्रमाने लिहितो.

दहाला वीस पाहुणे जमले. मॅडम, उपायुक्त, सगळी कमिटी. मी शिट्टी वाजवली आणि पुढे निघालो. माझ्यामागे पिवळी टोपी घातलेल्या एक वयस्क बाई, त्यांच्यामागे बाकीचे एकामागे एक. तीस पायऱ्यांपर्यंत उत्तम. चाळीसपर्यंत बरं. त्रेपन्नाव्या पायरीला भिंतीत एक फट आहे. उजेडासाठी असावी. त्या फटीतून मला बेकरीचं छप्पर दिसलं. वरून.

मी कठडा धरला. मग लक्षात आलं की हात सुटत नाही. पायही.

टोपीवाल्या बाईंनी अदबीने विचारलं, इथे काही बघण्यासारखं आहे का? मी म्हणालो, हो, इथे आपण इतिहास बघणार आहोत. आणि भिंतीकडे तोंड करून भाषण सुरू केलं. चौदाच्या चौदा पानं पाठ. बारा मिनिटं. खालून कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग पानं संपली.

"आता पुढे चला," मधून एक जण म्हणाला. मी प्रश्नोत्तरं जाहीर केली. कुणाला प्रश्न नव्हते. तो माणूस वर घुसायला लागला. वळणावर ढकलाढकली. एक बाई म्हणाली, मला गुदमरतंय, मला खाली जाऊ द्या. पण तिच्या खाली अकरा जण. तेवढ्यात कुणाच्या तरी हातातून पाण्याची बाटली निसटली आणि मधल्या पोकळीत गेली. पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. सगळे गप्प झाले. आणि मग सगळे एकदम ओरडायला लागले. कठडा हलत होता. माझ्या हाताखाली हलत होता. मला वाटलं, संपलं. आता कुणीतरी जाणार, आणि माझ्यामुळे जाणार.

तेव्हा खालून आवाज आला. पंपवाल्याचा. एकतीस वर्षांत त्याला मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. "कुणी हलू नका. पाठ भिंतीला लावा. सगळ्यात शेवटचा, तुम्ही, निळा शर्ट, आधी तुम्ही उतरा. एक एक पायरी. मी मोजतो." तो मोजत होता आणि लोक उतरत होते. गुदमरणाऱ्या बाईला त्याने पायरीवर बसवलं, तिच्याशी काहीतरी बोलला, ती हसली. मग तिलाही उतरवलं. शेवटी टोपीवाल्या बाई. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग जिन्यात आम्ही दोघंच. तो माझ्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, डोळे मिटू नका. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण बघा." आणि माझं एक एक बोट कठड्यावरून सोडवलं. लहान मुलाच्या मुठीतून खेळणं काढावं तसं. तो उलटा उतरत होता आणि मी बटण बघत. बटण पांढरं, दोऱ्याचा रंग मात्र वेगळा. त्रेपन्न पायऱ्या.

खाली ही उभी होती. पाण्याचा ग्लास दिला. उपायुक्तांना मी सांगितलं की हा नियोजित तांत्रिक थांबा होता. त्यांनी माझ्या बिल्ल्याकडे बघितलं.

थोड्या वेळाने टोपीवाल्या बाईच म्हणाल्या, आम्हाला वर जायचंय, पण यांच्याबरोबर. पंपवाल्याबरोबर. वीसपैकी सोळा गेले. हीसुद्धा गेली. तासाभराने सगळे खाली आले तेव्हा चेहरे उजळलेले. टाकीवर बोटाने ठोकून पाणी किती आहे हे कसं ओळखायचं, ते त्याने म्हणे सगळ्यांना शिकवलं. तोंडातल्या तोंडात बोलला तरी सगळ्यांनी कान देऊन ऐकलं.

२४ मार्च
निष्कर्ष: वस्तुतः माझ्या भाषणामुळेच लोक बारा मिनिटं शांत राहिले. हे कुणी लक्षात घेत नाही.

२५ मार्च
ही दुपारी एवढंच म्हणाली, वर भिंतीवर पेन्सिलने तारखा लिहिल्यात. दर महिन्याची एक. बावीस वर्षांच्या. अक्षर पंपवाल्यांचं.

मग मटार सोलायला बसली. मीही बसलो. आज भरपूर मटार सोलले.

२६ मार्च
खरं लिहितो. वाचणारा मीच आहे.

मी टाकीवर कधीच गेलो नाही. दर महिन्याला तो वर जायचा, खाली येऊन सांगायचा, मी सही करायचो. तो कुणाला बोलला नाही. मीही नाही. मग हळूहळू मला वाटायला लागलं की मीच जात होतो. जिन्याचा थंडपणासुद्धा आठवायचा.

२७ मार्च
पंपवाल्याकडे गेलो. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून नेलं होतं. कागद खिशातच राहिला. एवढंच विचारलं, तुम्ही कुणालाच का सांगितलं नाहीत?

तो स्टोव्हला हवा भरत होता. म्हणाला, "साहेब, मलाही भीती वाटायची. पण तुम्ही खाली उभे असायचात. दर वेळी. उन्हातसुद्धा. पडलो तर निदान कुणीतरी बघेल, असं वाटायचं. म्हणून जायचो."

मी खाली उभा असायचो, हे खरं आहे. ते मी विसरलो होतो.

२९ मार्च
मॅडमचं पत्र. सोळा पाहुणे वर जाऊन सुखरूप खाली आले, तेवढं पुरलं. टाकी यादीत. पाडकाम रद्द. दर रविवारी पाहुणे. गाइड: पंपवाला. माझ्यासाठीही एक ओळ आहे: "सामान सांभाळण्याची व्यवस्था." इतिहासाचं नाव नाही.

३० मार्च, रविवार
पहिल्या बॅचला पंचवीस जण. मी दारात टेबल टाकून बसलो. पिशव्या, पर्स, एक लहान मुलाची गाडी. सगळ्यांना नंबर दिले.

एका गृहस्थांनी बॅग देता देता वर बघितलं आणि म्हणाले, बापरे, केवढी उंच! तुम्ही तर रोज चढत असाल ना?

मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही."

ते बरं म्हणाले, नंबर घेतला आणि जिन्याकडे गेले. बस, एवढंच. काहीच झालं नाही.

मी पुढची बॅग घेतली.