पानगळीतला डोंगर

आई,

आपल्या डोंगरावरचा गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा परत आला आहे. शेजारच्या काकूंची थोरली सून आता गावच्या वनहक्क समितीची अध्यक्ष आहे. तिनंच काल फोन करून सांगितलं. डोंगर पडीक आहे, त्यावर कुणाचं पोट चालत नाही, असा आक्षेप निघाला आहे आणि पुरावा म्हणून वर्तमानपत्राचं जुनं कात्रण जोडलं आहे. तिनं ते मोबाइलवर पाठवलं. फोटो पाहताच ओळखलं. बातमी माझी होती.

शिमगा नुकताच झाला होता. जिल्ह्याच्या पानावर जागा उरली होती, पान छपाईला सोडायची वेळ होत आली होती आणि माझ्याकडे आपल्या डोंगराचा एक फोटो होता, नुसत्या काड्यांचा. शेळ्यांनी डोंगर उजाड केला, असं मी लिहून टाकलं. ‘ग्रामस्थांचे म्हणणे आहे’ असंही लिहिलं. एकाही ग्रामस्थाला विचारलं नव्हतं. त्या दिवसांत डोंगरावरच्या सीताफळाची पानं झडतात, हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं.

त्या आठवड्यात घरी आलो. तू चुलीपुढं बसून पळसाची साठवलेली पानं काडीनं टोचत पत्रावळ लावते आहेस. मी आणलेला पेपर तू अक्षराला अक्षर जुळवत वाचायचीस, तसा वाचून झाला आहे. बातमीखाली नाव नाही.

‘‘तूच लिवलंस न्हवं?’’

‘‘हो. का?’’

‘‘सीताफळ ह्या दिसांत उघडंच असतंय. मेलं न्हाई ते.’’

‘‘पेपरात वेळ नसतो, आई.’’

‘‘मग पुसायला कावून आला न्हाईस? बस तर दारावरून जाती.’’

तू पत्रावळ बाजूला ठेवतेस. धनगरवस्तीच्या शेळ्या चरायला कुठं जातात, शिंदीचे झाडू कोण बांधतं, डिंक कोण गोळा करतं, एकेका घराचं सांगतेस. नांदूरघाटच्या बाजारात सीताफळाच्या पाट्या विकून मला शिकवलंस, ते मात्र सांगत नाहीस. शेवटी म्हणतेस, ‘‘गावात म्या कुणाला बोलणार न्हाई. त्या बायांसंगं उद्या मलाबी डोंगरावर जायचंय.’’

आणि खरंच शेवटपर्यंत बोलली नाहीस. दिवाळीच्या आधी ऑफिसात पाटीभर सीताफळं पाठवलीस. सगळ्यांनी ताव मारला. माझ्या टेबलावर बियांचा ढीग झाला. त्या दिवशी तरी चार ओळींचा खुलासा लिहिता आला असता. पान रिकामं होतं. मी साखर कारखान्याची बातमी लावली.

सोमवारी उपविभागीय समितीपुढं सुनावणी आहे. बायका पत्रावळी आणि झाडू घेऊन जाणार आहेत. धनगरवस्तीवरचे म्हातारेही येणार आहेत. हे सांगून काकूंची सून म्हणाली, ‘‘भाऊजी, कोन हो हा आंधळा? सीताफळाची पाटी डोक्यावर देऊन त्याला डोंगर उतरवायला पायजे. चार पावलांत बसंल खाली!’’ ती हसली. मीही हसलो.

‘‘तुमी पेपरात हाय,’’ ती पुढं म्हणाली. ‘‘त्याला हुडका अन् सोमवारी समितीपुढं उभा करा. माझं चुकलं एवढं म्हणला, तरी लई झालं.’’

सोमवारी मी त्या माणसाला घेऊन येईन, असं सगळे धरून चालले आहेत.

आई, मी तिला ‘हुडकतो’ म्हणालो.