सगळा दोष गोळीचा

३ ऑगस्ट
आजपासून चिडायचं नाही.
क्लबात महिनाअखेरीला पालक आणि मुलांच्या जोडीची एअर रायफल स्पर्धा आहे. सृष्टी जोडीला बाबालाच घेणार, हे उघड आहे. तरी म्हणते, आधी आई-बाबा दोघांची ट्रायल. भाग्यश्रीची ट्रायल! हिला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही.
आज माझी एकही गोळी कागदाला लागली नाही. कोच शाहनवाज सर म्हणाले, आधी श्वास सोडा, राग सोडा, मग ट्रिगर. मला राग येतच नाही, असं त्यांना ओरडून सांगितलं.

७ ऑगस्ट
कारण सापडलं. गोळ्या शिशाच्या आहेत! नेटवर वाचलं, शिसं मेंदूला वाईट, माणूस चिडचिडा होतो. म्हणजे चिडतो तो मी नाही. शिसं चिडतं. डबा कचऱ्यात भिरकावला. शांतपणे.
मटेरियल बदलायचं.

१० ऑगस्ट
साबुदाणा. नळीतच पीठ झालं. सर तासभर रायफल साफ करत बसले. म्हणाले, "साहेब, उपास माणसानं करायचा, बंदुकीनं नाही." सगळे हसले. सृष्टीसुद्धा.
वाण्याने जुना माल दिला. त्याला बघतोच.

१४ ऑगस्ट
मेण. मेणबत्त्या वितळवून गोळ्या केल्या. नाशिक रोडपर्यंत रिक्षात बसलो, तेवढ्यात खिशात सगळ्यांचा मिळून एक लगदा. पँट नवी होती. ही कोण धुणार, असं भाग्यश्रीने विचारलं. मी चिडलो नाही. फक्त दार आपटलं. कडी निखळली. बिल्डर चोर आहे.

१९ ऑगस्ट
कथलाच्या गोळ्या आल्या, ऑनलाइन. शिसं शून्य. सर म्हणाले, ह्या हलक्या असतात, थोडी सवय करा. सवय इतरांना लागते. उद्या ट्रायल.

२० ऑगस्ट
दहा! बरोबर मधोमध!
शेजारच्या कागदावर. शेजारी भाग्यश्री. दुसऱ्याच्या कागदावर मारलं की आपल्याला शून्य, असा नियम आहे म्हणे. कुठल्या गाढवाने केला? माझ्या बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या ते कुणालाच कळलं नाही. भाग्यश्रीच्या सगळ्या कागदावर. आणि त्याही शिशाच्या. मी फेकलेला डबा तिने कचऱ्यातून काढून ठेवला होता.
सृष्टीने आईला निवडलं. का, म्हणून विचारलं. आवाज जरा चढला असेल. ती खाली बघून म्हणाली, "बाबा, आईचा नेम चुकला की आई हसते. तुमचा चुकला की मला भीती वाटते."
शिसं अंगातून लवकर जात नाही म्हणतात.

३१ ऑगस्ट
स्पर्धा झाली. मी मागे, खुर्चीवर. मायलेकींचा खालून दुसरा नंबर आला. सृष्टीने आधी वळून माझा चेहरा बघितला. मी टाळ्या वाजवल्या, मग ती हसली.
येताना डॉक्टरांकडे गेलो. बीपीची गोळी दिली, रोज सकाळी एक. हिच्यात शिसं नाही, विचारून घेतलं.
ही तरी लागू पडेल.