भिंतीकडं बघणाऱ्या पाचजणी

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज गुणांचा दिवस. दहा मेंढ्या, दहा कागद. चालणं, खाणं, ओळख, शांतपणा, प्रत्येकाला पाचपैकी गुण. औषधाला नाव नाही, नुसता नंबर. सगळे त्याला ‘३९’ म्हणतात. सकाळी मी यायच्या आत दहापैकी पाचजणींच्या खुराकात ते मिसळलेलं असतं. कोणत्या पाच, हे गुण देणारीला माहीत नसावं असा नियम. डॉक्टर मॅडमनाही माहीत नाही. यादी सीलबंद पाकिटात, कपाटात.
मॅडम म्हणतात, हे चाललं तर म्हाताऱ्या माणसांची गेलेली आठवण परत येईल. मेंढ्यांनंतर माणसांवर.
जाताना परत विचारलं त्यांनी, “तुला काही ओळखू येत नाही ना गं?” म्हटलं, नाही.
साफ खोटं. पहिल्या आठवड्यातच पाचही ओळखल्या मी. आबांची, धनगराची पोर आहे, बीएस्सी झाले म्हणून काय डोळे गेले का माझे? पण सांगितलं तर ह्या शेडवरून काढतील. काढलेलं मला चालणार नाही. इथं लोकरीचा वास येतो, घरासारखा.

१४ नोव्हें., शुक्र.
दुपारी तीनला ऊन जाळीतून आत येतं, तेव्हा त्या पाचजणी उठतात. कुणी हाकत नाही, काही नाही. पश्चिमेच्या भिंतीपाशी जातात, कपाळ भिंतीला जवळजवळ टेकवून उभ्या राहतात. रवंथ थांबतं. पाय जागच्या जागी उचलतात, ठेवतात. उचलतात, ठेवतात. डोळे कुठंतरी लांब.
सगळ्यात पुढं काजळी. (कानातला बिल्ला नं. ७. नाव ठेवायला बंदी आहे, मी ठेवलं. डोळ्यांभोवती काळं आहे तिच्या, मी काय करू?)
मग एकदम लख्ख झालं. दिवाळी झालीय. दिवाळी झाली की आमचे कळप कोकणात उतरायचे. ह्या सगळ्या कळपातूनच विकत आणलेल्या, घाट उतरलेल्या. ३९ नं त्यांना वाट आठवलीय. त्या चालतायत! भिंत आपल्याला दिसते, त्यांना नाही.
मीही बाजूला उभी राहिले थोडा वेळ. भिंतीकडं बघत. कुणी बघितलं असतं तर मलाही बिल्ला मारला असता.

१९ नोव्हें., बुध.
पाचहीजणींना शांतपणा ५/५. चालणं ५. ओळख ५. मॅडम जाम खूश.
येताना कंपनीच्या बसमध्ये डोळा लागला. मी लहान, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाडाच्या वर बांधलेली, शेजारी कोंबड्यांचं खुराडं. खाली मेंढरांच्या पाठीच पाठी, धुक्यात हलणाऱ्या. आबा पुढं. पाठमोरे. कुठं पोचायचंय हे कुणालाच माहीत नाही आणि कुणाला घाईही नाही. जागी झाले तर माझं कारेगाव मागं पडलेलं. ड्रायव्हर म्हणाला, ताई, उतरायचंय का शिरूरला जायचंय?
चौथीत असताना आमची मेंढरं विकली. तेव्हापासून असं गाढ स्वप्न पडलं नव्हतं. आणि ३९ तर मी खाल्लं पण नाही.

२३ नोव्हें., रविवार
भांडगावला, घरी. शिरूर ते चौफुला एसटीत उभी, पुढं वडापची जीप. लॅबमधलं बाहेर सांगायचं नाही, पण आबांना सांगितल्याशिवाय राहवेना. शेंगा फोडत बसलो होतो. सगळं सांगितलं. भिंत, ऊन, पाय.
वाटलं होतं, खूश होतील. आबांचा हात थांबला.
“डोळ्याम्होरं हात नेला का?”
म्हटलं, कशाला?
“मेंढरू वाट इसरत न्हाई, खरं हाय. पन वाट आठवली तर ते दाराकडं जातं, पोरी. भिंतीला लागून हुबं ऱ्हातंय म्हंजी डोक्यात बिघाड हाय. एका डोळ्यानं दिसत नसंल.”
मला इतका राग आला. म्हटलं, आबा, तुम्हाला लॅबमधलं काय कळतं? त्यांनी सोललेल्या शेंगांचे दाणे माझ्या पुढं सारले. एसटीत सगळ्या रस्त्यानं स्वतःचीच लाज वाटत होती.

२५ नोव्हें., मंगळ.
केलं. काजळीच्या उजव्या डोळ्यापुढं हात नेला, पापणी मिटली. डाव्या डोळ्यापुढं नेला. काही नाही. परत. काही नाही. तिसऱ्यांदा बोट अगदी जवळ नेलं तरी ती भिंतीपलीकडं बघत राहिली, किती गोड चेहऱ्यानं.
भिंतीपाशी जाणाऱ्या पाचांपैकी तिघींचं असंच. बाकीच्या पाच ठणठणीत, माझं बोटच चावायला बघत होत्या.

२६ नोव्हें., बुध.
काजळी: चालणं ५, ओळख ५, शांतपणा ५.
हो, दिले. डोळ्याचं कळूनसुद्धा दिले. सलग दोनदा गुण घसरले की मेंढी अभ्यासातून काढतात, आणि काढतात म्हणजे मारून मेंदू बघतात. माझ्याच्यानं नाही झालं.
आबांचा फोन आला होता, उचलला नाही.

२ डिसें., मंगळ.
शुक्रवारी अहवाल वर जाणार. मॅडमनी सगळ्यांना पेढा दिला, म्हणाल्या हे तुझ्या निरीक्षणामुळं. मग मला एकटीला थांबवलं. त्यांच्या आई त्यांना आता ओळखत नाहीत, मावशीच्या नावानं हाक मारतात. “माणसांवर सुरू झालं की पहिलं नाव आईचं देणार,” म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.
पेढा तोंडात तसाच राहिला.
म्हणजे मॅडमच्या आई. दुपारी तीनला. भिंतीपाशी.

३ डिसें., बुध.
सांगितलं. शेडमध्येच, काजळीशेजारी उभं राहून. म्हटलं, मॅडम, मी खोटे गुण दिलेत आणि पाचही मला पहिल्यापासून माहीत आहेत. त्यांना आधी चेष्टा वाटली. मग मी डाव्या डोळ्यापुढं हात नेला.
त्यांनी स्वतः करून बघितलं. पाच-सहा वेळा. दर वेळी हात आणखी सावकाश.
“कधीपासून आहे हे?”
“माहीत नाही. मी नीट बघितलंच नाही. मला ते छान वाटत होतं.”
हात मागं घेत म्हणाल्या, “मलाही.”
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद दिला, माझे पाच नंबर लिहायला लावले, खाली सही. उद्या अकराला वरच्या साहेबांसमोर पाकीट फोडायचं. माझे पाच आणि यादीतले पाच जुळले तर ३९ बंद, आणि त्या पाचहीजणी मेंदूच्या तपासणीला. नाही जुळले तर हा एखादा साधा आजार, डॉक्टर येऊन उपचार करतील, औषध पुढं जाईल. माझ्या नोकरीचं काय, ते मी विचारलं नाही.

४ डिसें., गुरुवार
आज खुराकात काही मिसळलेलं नाही. मीच घातला. काजळीच्या उजव्या बाजूनं गेले, तिथनं दिसते मी तिला. सगळं खाल्लं तिनं. मान खाजवली तर अंगावर रेलून उभी राहिली.
साडेदहाला आबांना फोन लावला. त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नका म्हटलं, मग पाकिटाचं सांगितलं. आबा म्हणाले, “भिऊ नगंस. तुजी नजर चुकायची न्हाई. तू मेंढरात वाढलीयास.”
आयुष्यभर ह्या माणसाच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं मला. दहावीला पहिली आले तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. आज म्हणाले.
बिरोबा, आजच्या दिवस आबांना खोटं पाड. मला मेंढरातलं ओ की ठो कळत नाही असं सगळ्यांसमोर ठरू दे.
मॅडमनी वर बोलावलंय. जाते.