धाकटीचं पाठांतर

बाबा, धाकटी आता माझ्याहून उंच झाली आहे. तिची वेणी मीच घालते, आणि कानामागची नळी अजून बोटाला लागते म्हणून तिथून कंगवा हळू फिरवते. तान्ही असताना तिच्या डोक्यात पाणी साचत होतं, ते पोटात उतरावं म्हणून सर्जनने ती नळी बसवली, एवढंच मला लहानपणी कळलं होतं. पाणी उतरलं, आता हिला सगळं येईल, असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही ते धरून चाललो.

एक संध्याकाळ आठवते. साखर कारखान्यातून येऊन, बैठकेच्या सभाघरात गावच्या मुलांना मराठी शिकवायला जाण्याआधी, तुम्ही आम्हा दोघींना स्वयंपाकघरात पाटावर बसवता. आई तव्यावर फराटे, आपल्या पोळ्या, भाजते आहे. तुम्ही आरतीची एक ओळ म्हणता, आम्ही ती म्हणतो. मी अडखळते, धाकटीला मात्र एकदा ऐकलं की येतं. तुम्ही जिथे श्वास घेता तिथेच ती घेते, आणि तुम्ही मध्येच खाकरता तशी खाकरतेसुद्धा. आई पाठ न वळवता म्हणते, "मघाशी हिला मिठाचं भांडं आणायला पाठवलं, तर रिकाम्या हाताने आली आणि मला शेजारच्या गाईची गोष्ट सांगत बसली. हिला सांगितलेलं कळत नाही हो." तुम्ही हसता. "आरतीतलं सगळं मला तरी कुठे कळतं? माझ्या बापाला कळत होतं? आधी तोंडात बसतं, मग डोक्यात जातं."

पणजोबांच्या मुलखापासून इतक्या दूर, या बेटावर, ते खरंच होतं, बाबा. इथल्या क्रेओल बोलीत भांडायचं, हसायचं, बाजार करायचा आणि देवापुढे उभं राहिलं की मराठी म्हणायची, कळो न कळो. दुसऱ्या कुठल्या घरात धाकटी न समजता बोलते हे लवकर दिसलं असतं. आपल्या घरात ती वेगळी दिसणार कशी? माझ्या बाबतीत अर्थ मागून आला, पुष्कळ उशिरा, पण आला. तिचा आला नाही, आणि त्याची वाट पाहण्यात तिची शिकायची वर्षं गेली.

शाळेच्या मास्तरांनी तुम्हाला बोलावलं होतं, तो दिवस मी फार वेळा आठवते. बो बासें शहरात अशा मुलांसाठी लहानसा वर्ग आहे, तिथे एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून शिकवतात, असं ते सांगत होते. तुम्ही धाकटीला पुढे केलंत. "म्हण गं." तिने हात जोडले आणि न थांबता सगळ्या आरत्या म्हटल्या. मास्तर आपल्यातलेच, त्यांचेही हात आपोआप जोडले गेले. "हिला कसला वेगळा वर्ग?" तुम्ही विचारलंत. त्यांनी वर्गाचा कागद परत खणात ठेवला. पुढे तुम्ही देवाघरी गेलात. सहावीच्या परीक्षेत तिने पानं भरून सुंदर अक्षरात लिहिलं, पण विचारलेल्यातलं काहीच नाही. नापास झाली, आणि तेव्हापासून ती घरीच आहे.

मागच्या आठवड्यात मी आणि आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ती त्यांना क्रेओलमध्ये म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही किती बारीक. बायको जेवायला घालत नाही का?" ते खूप हसले. "ली कोज बिएं," आईला म्हणाले, छान बोलते. आई म्हणाली, "बोलायचं काय, कोंबडीलासुद्धा बोलून दमवते." मग त्यांनी चित्र दाखवून तसे ठोकळे लावायला सांगितलं. तिने ठोकळे मांडीवर घेतले आणि त्यांच्या रंगांबद्दल बोलत राहिली. नळी ठीक चालते, ते म्हणाले. अशी कित्येक मुलं शिकून कामाला लागतात. काहींचं बोलणं समजेच्या पुढे धावतं आणि घरचे बोलण्यालाच फसतात. लहानपणी वेगळं शिकवलं असतं तर किती फरक पडला असता, ते मात्र त्यांना सांगता येईना. हे शेवटचं वाक्य मला झोपू देत नाही. फार पडला असता असं म्हणाले असते तर मी तुमच्यावर नीट रागावले असते.

बो बासेंला आता मोठ्या मुलींसाठीही काम शिकवायची जागा आहे. शिवण, स्वयंपाक, एका वेळी एक पायरी. आठवडाभर तिथल्या आत्याकडे राहायचं, शनिवारी घरी. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत कळवायला सांगितलं आहे. आई शेजारीच बसली होती, तरी मी त्यांना म्हटलं, घरी बोलून सांगते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. आईने त्याच दिवशी धाकटीचे कपडे पिशवीत भरले. अडलं आहे ते माझ्यापाशी. संध्याकाळी ती आरती म्हणते, मध्येच तुमच्यासारखी खाकरते, आणि मी हातातलं काम थांबवून ऐकते.