सहा चित्रं, ओळीनं

आबा, तुमची नात पाच वर्षांची झाली. तुम्ही गेल्यावर जन्मली, तुम्ही तिला पाहिलं नाहीत, म्हणून आधी नीट सांगते. ती चालते, पळते, वरणभात हातानं खाते. हाक मारली तर वळत नाही. काही हवं असलं की माझं मनगट धरून मला त्या वस्तूपाशी नेते आणि माझा हात त्या वस्तूवर ठेवते. पुण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ऑटिझम' असा शब्द लिहून दिला. इथल्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात. आमच्या वाट्याला गुरुवारचा अर्धा तास. सासूबाई म्हणतात, "बोलंल की! तिचा बाप तरी कवा वेळेवर बोलला?" मी वाद घालत नाही, वहीत नोंद ठेवते. आठ महिन्यांत अकरा शब्द आले, त्यातले चार पुन्हा गेले. अर्ध्या तासानं हे भागणार नाही. सोमवारची एक वेळ रिकामी झाली, एकाच मुलासाठी, ज्याची गरज सगळ्यांत जास्त त्याच्यासाठी, तेव्हा मी लगेच अर्ज केला.

मी इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असतानाची ती दुपार तुम्हाला आठवत असेल. तुमचा डबा घेऊन उद्यमनगरात लोखंड ओतायच्या फौंड्रीत आले होते. गिऱ्हाइकाचा माणूस माल तपासत होता. एका कास्टिंगमधलं भोक मेण आणि लोखंडाच्या भुकटीनं बुजवून वरून ग्राफाइट चोळलेलं मला दिसलं आणि मी बोट ठेवून दाखवलं. नवीन शिकलेलं, दुसरं काय. सगळा माल परत गेला. मला सायकलवर मागे बसवून तुम्ही घरी आणलंत. आई भाकरी थापत होती. तुम्ही चुलीसमोर बसलात आणि म्हणालात, "शिकलीस, ब्येस झालं. पर आपलं उणं पावण्यापुढं मांडायचं नसतंय." आवाज चढला नाही. चढला असता तर मी कदाचित विसरले असते.

बाईंकडे सहा चित्रांची पुठ्ठ्याची पानं आहेत: गाय, घर, चेंडू, बस, फूल, ताट. मी तशीच सहा काढली, ऑफिसात यंत्रांचे आराखडे काढते त्या ट्रेसिंगइतकी स्वच्छ, आणि पंधरा दिवस रोज तिच्याकडून घोकून घेतली. सोमवार कुणाला द्यायचा त्या तपासणीच्या दिवशी तिला नवा फ्रॉक घातला. बाईंनी पानं एकेक उचलली, माझ्या मुलीनं खिडकीकडे बघत सहाही नावं ओळीनं सांगितली. बाई हसल्या. "छान तयार केलीय हो. रडणं, आपटणं, चावणं?" मी म्हणाले, "क्वचित." माझ्या लांब बाहीच्या ब्लाउजखाली तिच्या दातांचे तीन वण होते, एक त्याच सकाळचा.

आमच्यानंतर हुपरीची एक बाई आत गेली. पैंजणांना घुंगरू जोडते. दार उघडंच होतं. तिनं बसायच्या आधी बाही वर केली. "ह्ये कालचं बघा. ह्ये परवाचं. मी काय माणूस हाय का ऊस?" सोमवार तिच्या लेकराला मिळाला. मिळायलाच हवा होता. बाहेर चपला घालताना ती मला म्हणाली, "तुझी लेक तर मास्तरीण हाय की! तुला गं कशाला पायजे आणि येक दिस?"

घरी येऊन मी पानं उलटसुलट केली. ताट समोर धरलं. ती खिडकीकडे बघत म्हणाली, गाय, घर, चेंडू. मी पुन्हा ताट धरलं. गाय, घर, चेंडू. तो शब्दांचा क्रम माझा होता, तिचं त्यात काही नव्हतं.

शनिवारी वेळ निघते का बघते, असं बाई म्हणाल्यात; कारणं लेखी द्या म्हणाल्या. आज दुपारपासून ती कारणं लिहीत बसले आहे. चावते, दिवसातून सरासरी दोनदा. डोकं भिंतीला आपटते. सांगितलेले शब्द पाठांतर आहेत, अर्थ कळलेला नाही. मी पढवले होते. हे शेवटचं वाक्य लिहिताना तुमचं बोलणं इतकं आडवं आलं की अर्ज बाजूला ठेवून हे पान घेतलं. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माल खपवायचा होता. मी काय खपवत होते, ते मला सांगता येत नाही.

अर्ज उद्या नेऊन देईन. हे पान ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहील, कारण यातली एक गोष्ट अर्जात नाही. "छान तयार केलीय" हे ऐकताक्षणी सोमवार गेला, हे मला कळलं होतं. तिथल्या तिथे बाही वर करता आली असती. केली नाही, कारण मला फार बरं वाटत होतं.